फुलीवर नेम

माटुंगा स्टेशनच्या तिकीट खिडकीशी तुम्ही उभे आहात. आत बाई, दाराशी टीसी बाई, फलाटावर रेल्वे पोलीस तीही बाई. जुलै 2017 पासून हे अख्खं स्टेशन बायका चालवतात, देशातलं असं पहिलंच. महालक्ष्मीचं तिकीट मागा. सुट्टे नसतील तर बोलणी बसतील, ती निमूट ऐका. मग इथली गाडी न पकडता झेड ब्रिज चढा आणि पलीकडे माटुंगा रोडला उतरा. पुलावर मागे वळून बघू नका. जिना उतराल तेव्हा 26 नोव्हेंबर 2005 चा शनिवार उजाडत असेल.

दादर, एल्फिन्स्टन रोड (त्याचं प्रभादेवी व्हायला अजून अवकाश आहे), लोअर परळ, महालक्ष्मी. रेसकोर्सवर आज घोडे कुणी बघत नाहीये. हिरवळीवर 22 मजली इमारतीएवढा फुगा हळूहळू उभा राहतोय आणि त्याखालच्या हवाबंद कुपीत 67 वर्षांचे उद्योगपती विजयपत सिंघानिया बसलेत. बर्नर एकदम भडकतात, पोटात गडगडल्यासारखं होतं, आणि ते धूड जमीन सोडतं. 21,027 मीटर. हॉट एअर बलूनच्या उंचीचा विक्रम, 1988 पासून पर लिंडस्ट्रँडच्या नावावर होता, तो आज मुंबईच्या आकाशात मोडतो. फुगा उतरतो कुठे, तर सिन्नर तालुक्यातल्या पांचाळे गावाजवळ. आता महालक्ष्मीहून पांचाळ्याला जायचं असं ठरवून कोण निघतं? वाऱ्याने नेलं. फुग्याला सुकाणू नसतं, ब्रेक नसतो. तापवलं की वर, निववलं की खाली, एवढंच माणसाच्या हातात.

एवढ्याच भांडवलावर ठरलेल्या ठिकाणी पोचायच्या स्पर्धा चालतात, आणि त्यातल्या बायकांना भेटायला आपण निघालोय. वाटेत दोन मुक्काम आहेत. दोन्ही वाईट आहेत.

पॅरिस, 6 जुलै 1819 ची रात्र, तिवोली बाग. गर्दीत पाय ठेवायला जागा नाही. पांढरा पोशाख, टोपीत शहामृगाची पिसं: ही सोफी ब्लांशार. नवरा जाँ-पिएर फुग्यातल्या उड्डाणांचा बादशहा होता. 1809 मध्ये गेला तो कर्ज मागे ठेवून. तेव्हापासून उडणं हाच हिचा संसार. रस्त्यावरच्या घोडागाडीतही घाबरणारी ही बाई हवेत मात्र निर्धास्त असते. नेपोलियनने तिला सरकारी समारंभांची वैमानिक नेमलं होतं. तिचा फुगा हायड्रोजनचा आहे आणि टोपलीखाली फटाके टांगलेत. पुढचं तुम्हाला कळलंच. वर ज्वाळा दिसते आणि तुमच्या भोवतीचे लोक टाळ्या पिटतात, कारण त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटतो. फुगा एका घराच्या छपरावर आदळतो, तिथून ती खाली रस्त्यावर.

ढाका, मार्च 1892. नवाबाने बोलावलेल्या अमेरिकन मंडळीतली जनेट व्हॅन टॅसल फुग्यातून वर जाते आणि पॅराशूट घेऊन उडी टाकते. नवाबाच्या महालाच्या, अहसान मंझिलच्या, गच्चीवर उतरायचं ठरलंय, पण वारा तिला झाडांत नेऊन अडकवतो. खालून बांबूला बांबू बांधून वर देतात. ती उतरू लागते, बांधणी सुटते. इतक्या उंचीवरून उडी मारून वाचलेली बाई झाडावरून उतरताना पडते आणि त्यातच जाते.

दोघींना बघायला गाव लोटला होता. गुण लिहायला कुणी वही घेऊन बसलं नव्हतं.

वही दिसते ती थेट सप्टेंबर 2014 मध्ये, पोलंडच्या लेश्नो गावी. बायकांची पहिली जागतिक हॉट एअर बलून स्पर्धा. खुली जागतिक स्पर्धा 1973 पासून होते आणि तिथे बायकांना बंदी कधीच नव्हती. फक्त नावांच्या यादीत त्या शोधाव्या लागत. फुगा चालवायला पैलवानी लागत नाही, मग वेगळी स्पर्धा कशाला, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. हा खेळ हवेतल्या तासांवर शिकला जातो आणि ते तास फार महाग पडतात. गॅस, गाडी, चार-पाच जणांचा चमू. आधी उडायला कारण मिळू दे.

पहाट आहे, अंधार आहे, तुम्हाला एका चमूत घेतलंय. आजचा एक प्रकार ‘फ्लाय-इन’: गाठायची फुली ठरलेली, निघायचं कुठून ते ज्याचं त्याने शोधायचं. पायलट बाई गाडी थांबवून हेलियमचा छोटासा फुगा सोडते, होकायंत्रातून त्याचा माग काढते, मान हलवते आणि म्हणते, अजून दोन किलोमीटर. असं तीनदा. मग एका कापलेल्या शेतात कापड पसरतं, पंखा सुरू होतो, बर्नर पेटतो. टोपलीत चढा. डोक्यावर टोपी घाला, नाहीतर टाळू भाजेल.

वर गेल्यावर पहिली गंमत कळते ती ही की वारा लागतच नाही. तुम्ही त्याच्याच वेगाने निघालात, केससुद्धा हलत नाहीत. खालच्या वाडीवरचं कुत्रं भुंकतं ते स्पष्ट ऐकू येतं. पण वारे थरांनी वाहतात, आणि उत्तर गोलार्धात बहुतेक वेळा वर चढत जावं तसा वारा उजवीकडे वळतो. म्हणजे डावीकडे सरकायचं असेल तर खाली या. ती टोपलीबाहेर शेव्हिंग फोमचा एक गोळा सोडते आणि तो पडताना कुठे वळतो ते बघते. काही पायलट चक्क थुंकून बघतात. माटुंग्यात दंड झाला असता.

फुली दिसते. गवतावर अंथरलेली मोठी कापडी फुली. फुगा तिच्या उजवीकडून निघून जाणार असं तुम्हाला वाटतं. ती बर्नरला हात लावत नाही. वीस मीटर खाली, तीस मीटर, झाडांचे शेंडे जवळ येतात आणि फुगा कुणी खांद्याला धरून वळवावा तसा डावीकडे सरकतो. तिच्या हातात मार्कर आहे: 70 ग्रॅम वजनाची पुरचुंडी, मागे 170 सेंटीमीटरची कापडी शेपटी. ती सोडते. खाली पंच टेप घेऊन धावतात. सर्वात जवळ ज्याचा मार्कर, त्याला 1,000 गुण. बाकीच्यांना अंतर वाढेल तसे कमी.

लेश्नोची ती पहिली स्पर्धा जिंकते ऑस्ट्रेलियाची निकोला स्केफ. ती हंटर व्हॅलीत उडते, दक्षिण गोलार्धात, म्हणजे तिच्या घरी वारा वर जाताना बहुधा डावीकडे वळतो. इथे सगळं उलटं वाचून ती पहिली आली. 2016 मध्ये लिथुआनियात बिर्श्टोनासला दुसरी स्पर्धा झाली, तीही तिनेच जिंकली. 2023 मध्ये स्पर्धा तिच्या देशात, नॉर्थमला गेली.

तुमचा फुगा एका बटाट्याच्या शेताकडेला उतरलाय. शेतकऱ्याशी बोलणं झालंय, गाडी आलीय, आणि शेकडो चौरस मीटर कापड दाबून दाबून एका पिशवीत भरायचंय. पायलट बाई तुम्हाला पिशवीवर बसायला सांगते. तुम्ही बसता, फुस्स करून हवा निघते, तुम्ही उठू लागता.

“उठू नका,” ती म्हणते, “अजून आहे. आणि चार वाजता ब्रीफिंगला या, संध्याकाळी पुन्हा उडायचंय.”