हाली रुपयाची चांदी, गिलिटाची ठुशी

औंढा नागनाथहून वसमतकडे निघाले की शिरड शहापूर लागते. भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरामुळे या गावाचे नाव दूरवर पोहोचले आहे. मराठवाड्यातल्या इतर गावांप्रमाणे इथेही भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या आधी दागिन्यांचा डबा उघडतो. पितळेला चिंच लागते, चांदी रिठ्याच्या फेसात पडते. ही रीत ज्या धातूवर घडली, तो धातू मात्र मधल्या काळात बदलून गेला.

जुन्या घरातली चांदी ओळखायची, तर निजामाचा रुपया आठवावा लागतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि बाजारात हाली सिक्का चालत होता. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या, चारमिनार छापलेल्या या रुपयात चांदी होती सुमारे ८२ टक्के. इंग्रजांच्या कलदार रुपयात ती जवळपास ९२ टक्के, आणि वजनही किंचित जास्त. पुढे बदलाईचा दर ठरला, तो सात हालीला सहा कलदार असा. रुपये सोनाराच्या मुशीत जात आणि तोडे, वाळे, जोडवी होऊन घरी येत. चांदी मोजायची तीही भारात, म्हणजे रुपयाच्या वजनात.

या हिशेबाचा परिणाम घासणीपर्यंत पोहोचतो. चांदीवर काळा थर चढतो तो हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. मिसळ तांब्याची असेल, तर घाम आणि आंबट पदार्थांनी हिरवट डागही धरतात. एकाच डब्यातले दोन तोडे सारखे काळे का पडत नाहीत, याचे उत्तर बहुधा मुशीत गेलेल्या रुपयांतच असते.

सोने कमरेखाली घालायचे नाही, म्हणून पायात चांदी. ती शेतातल्या मातीत, चिखलात राबायची. राखेने घासून ती लखलखीत करणे ही तेव्हाची शहाणी रीत होती. प्रत्येक घासणीत धातूचा बारीक अंश जातो, पण चाळीस भारांच्या भरीव तोड्याला त्याचे काय! नक्षी तेवढी बोथट होते. सोनारांच्या दुकानांतली धूळ झारेकरी विकत घेतात आणि तिच्यातले कण धुऊन काढतात. घरातले कण मोरीतून वाहून जातात.

सोन्याचा मुलामा पूर्वी पाऱ्याच्या मदतीने चढायचा. पाऱ्यात सोने कालवून लेप द्यायचा आणि तापवून पारा उडवायचा. थर टिकाऊ बसे, पण ती विषारी वाफ कारागिराच्या छातीत जाई, हे विसरता येत नाही. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनी विजेने मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि थोडक्या सोन्यात पुष्कळ दागिने पिवळे करण्याची वाट खुली झाली.

भारतात सोन्याला सर्वांत मोठा धक्का बसला तो जानेवारी १९६३ मध्ये. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरेटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यावर बंदी घातली गेली. देशभर सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या, कित्येक कुटुंबांचे पिढीजात काम गेले. ती बंदी पुढे शिथिल झाली, तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत टिकला. त्यानंतर सोन्याचा भाव चढत गेला आणि गिलिटाची ठुशी, एक ग्रॅमचे मंगळसूत्र घरोघर आले.

जुनी रीत इथे अडते. गिलिटावरचे सोने बहुतेक वेळा एका मायक्रॉनहूनही पातळ असते. राख किंवा दंतमंजन लावले, की दोन-चार सणांत खालचे तांबे डोकावते. या दागिन्याला अत्तर आणि घामापासून जपावे. अंगावरून उतरवल्यावर मऊ सुती कापडाने पुसावे आणि वेगळे ठेवावे.

चांदीला मात्र घासण्याहून चांगला उपाय आहे. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर दागिना ठेवून खाण्याच्या सोड्याचे गरम पाणी ओतले, तर गंधक ॲल्युमिनियमकडे जाते आणि काळ्या थरातली चांदी पुन्हा चांदी होते. खडे बसवलेल्या किंवा मुद्दाम काळी नक्षी ठेवलेल्या दागिन्यावर हा प्रयोग करू नये. डब्यात रबरबँड किंवा लोकरी कापडही नको, कारण दोन्हींत गंधक असते. आजीने तोडे सुती लुगड्याच्या चिंधीत बांधले, ते उत्तमच केले.

लाखेवर सोन्याचा पत्रा चढवलेली बोरमाळ गरम पाण्यात कधीच टाकू नये. लाख मऊ पडते, मणी चेपतात, ओला दोरा कुजतो. ती ओलसर फडक्याने पुसावी, आणि दोरा विरला असेल तर पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घ्यावी.