शनिवारचा डबा

आमच्या बँकेत शनिवार हा वार नसून कोडं आहे. पूर्वी सगळेच शनिवार अर्धे असत. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी, बाकीच्यांना पूर्ण दिवस काम. तेव्हापासून शुक्रवारी रात्री मी कॅलेंडरसमोर उभा राहून बोटं मोजतो आणि सौ. विचारते, "बी.कॉम. झालात ना?" एकदा तर चौथ्या शनिवारी डबा घेऊन शाखेच्या बंद शटरपर्यंत जाऊन आलो. भेंडीची भाजी एटीएमच्या रखवालदाराने आवडीने खाल्ली.

परत येताना मला शनिवार तेली आठवले.

शनिवार तेली म्हणजे कोकणातले बेने इस्राएल, आपले मराठी ज्यू. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले, असं ते परंपरेने सांगत आले. मंडळी कोकणात रुजली. तेलाचे घाणे चालवू लागली. गावावरून आडनावं आली. पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर. हिब्रू भाषा पार विसरली, पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद! सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि हे शनिवार तेली. गावाने माणसं सुट्टीवरून ओळखली.

आता आमच्यासारख्याने याचा जरा विचार करावा. ना युनियन, ना परिपत्रक, ना द्विपक्षीय करार. नियम कुठे लिहिलाय म्हणून कोणी विचारलं असतं तर दाखवायला पुस्तकही नाही. तरी पिढ्यान् पिढ्या बैलालासुद्धा शनिवारची रजा. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा कोणी ज्यू तिथे आला आणि खात्री करायला त्याने बायकांपुढे मासळी टाकली, अशी कथा आहे. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे शिजवायला घेतले. पुस्तक बुडालं होतं, हिशेब मात्र जुळला. आमच्याकडे पुस्तक समोर असून टॅली लागत नाही.

मग मुंबई आली. कंपनी सरकारच्या पलटणीतल्या समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मांडवी भागात पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. हे लोक त्याला मशीदच म्हणत. पलटणीमागून रेल्वे आली, पोस्ट आलं, कचेऱ्या आल्या. घाणा सुटला, पेन्शनची नोकरी लागली आणि इतकी शतकं जे समुद्राला जमलं नाही ते मस्टरने केलं. शनिवार गेला. रविवारसाठी निदान नारायण मेघाजी लोखंडे झगडले. १० जून १८९० ला गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, तीही खंडोबाचा वार म्हणून. शनिवारला कोणी लोखंडे भेटले नाहीत.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी आमच्या चाळीत पाहिलं होतं. शेजारच्या मावशी शुक्रवारी तिन्हीसांजेला दिवा लावायच्या आणि शनिवारी सकाळी काका डबा घेऊन रेल्वेच्या कचेरीत जायचे. काका दारात क्षणभर थांबून चौकटीवरच्या मेझुझाला बोटं लावून ओठांशी नेत. मला वाटायचं, उशीर झाल्याबद्दल माफी मागतात. नवस फेडला की मावशींकडून मलिद्याची ताटली यायची. गोड पोहे, ओला नारळ, वर केळ्याचे काप. कोंबडीच्या रश्श्यात त्या दही न घालता नारळाचं दूध घालत. मांस आणि दूध एकत्र चालत नाही त्यांना. आई म्हणायची, "चव यांच्याच रश्श्याला."

ते कुटुंब १९९० च्या सुमारास मुलाकडे इस्राएलला, दिमोना गावी गेलं. १९९२ मध्ये मावशींचं एरोग्राम आलं. शेवटच्या घडीपर्यंत बारीक मराठी अक्षर. आमसुलं संपली, इथे मिळत नाहीत. परवा मतदान झालं, मंगळवारी, त्याचीही सुट्टी; हे म्हणतात, मग काम करायचं कधी? हे इथे कारखान्यात लागलेत. रविवारी कामावर जाताना यांना चोरी केल्यासारखं वाटतं. शनिवारी इथे बससुद्धा धावत नाही. सगळं गाव झोपलेलं असतं आणि हे अजून सहाला उठून, अंघोळ करून, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून डबा मागतात.

आई पत्र वाचून हसली, मग बराच वेळ ते उलगडून तशीच बसली. संध्याकाळी आमसुलं आणायला मला वाण्याकडे पाठवलं.