इंजिनाची झीज-तपासणी

ओव्हरहॉलसाठी खोललेल्या इंजिनाचा कोणता भाग पुन्हा चालेल, कोणता घासून घ्यावा लागेल आणि कोणता बदलावाच लागेल, हे नजरेने व मोजमापाने ठरवण्याचे काम. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ट्रक, डंपर, ट्रॅक्टर यांच्या डिझेल इंजिनांचा मोठा शत्रू म्हणजे धूळ. दोष कोळशाला दिला जातो, पण कोळसा मऊ. वर्धा खोऱ्यातल्या उघड्या खाणींत कोळशावरचा कामठी वालुकाश्म उकरावा लागतो; त्यातल्या क्वार्ट्झची कठिनता मोहस् मापावर ७. सिलिंडरच्या लायनरचे ओतीव लोखंड त्यापुढे टिकत नाही. गडचिरोलीतल्या सूरजागडच्या लोहखनिजाची धूळही लोखंडाला सोडत नाही.

धुळीचा माग पुसला जाऊ नये म्हणूनच भाग डिझेलने धुण्याआधी पाहावेत. घाईने धुतलेल्या इंजिनात दुरुस्तीची किंमत कळते, झिजेचे कारण कळत नाही. एअर क्लीनरच्या पुढच्या पाइपात बोट फिरवावे; बारीक माती लागली तर फिल्टर किंवा क्लॅम्प फसवा आहे. वरची रिंग जास्त झिजली असेल तर धूळ हवेतून आली, खालची ऑइल रिंग जास्त झिजली असेल तर ऑइलमधून. पिस्टनवरच्या उभ्या रेघाही धुळीचीच साक्ष देतात.

लायनर सर्वांत जास्त झिजतो तो वरची रिंग जिथून परत फिरते तिथे. तिथल्या कडेला नख अडकते. बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने व आडवे असे मोजावे. त्यातून निमुळतेपणा व लंबगोलपणा कळतो. रिंगेची फट लायनरच्या खालच्या, कमी झिजलेल्या भागात फीलर गेजने पाहतात, १०० मि.मी. बोअरला ती साधारण ०.३ ते ०.४ मि.मी. असते. अंतिम मर्यादा मात्र कंपनीच्या पुस्तकातलीच धरावी.

बेअरिंगचे शेल काढताना प्रत्येकावर जागेचा क्रमांक घालावा, नाहीतर क्रँकच्या कोणत्या जर्नलवर ताण होता हे हातचे जाते. वरचा करडा थर जाऊन तांबूस थर दिसला तर शेल बाद. क्रँक मायक्रोमीटरने मोजून गरजेप्रमाणे ०.२५ किंवा ०.५० मि.मी. घासतात आणि त्याच मापाचे जाड शेल बसवतात. वेट, म्हणजे पाण्याला थेट लागणाऱ्या, लायनरच्या बाहेरच्या अंगाला खड्डे दिसले तर शीतक पाण्यातला दोषही शोधावा.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. अशा पाण्यात घातलेल्या गाडीच्या एअर पाइपातून सिलिंडरमध्ये पाणी शिरले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा रॉडचा पिस्टन वरच्या टोकाला इतरांपेक्षा किंचित खाली थांबतो, त्याच्या अंगावर तिरका घासा उमटतो. गाडी नंतर चालली तरी असा रॉड पुन्हा बसवू नये.