माप तेच, सेल भलताच

अमेरिकेत टॉर्चला 'फ्लॅशलाइट' म्हणतात, ते चक्क तिच्या कमजोरीमुळे. १८९९ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड मिसेलला नळीच्या आकाराच्या टॉर्चचं पेटंट मिळालं. पण तेव्हाचे झिंक-कार्बन सेल इतके मरतुकडे, की क्षणभर लावायची आणि बंद करायची. म्हणजे फ्लॅशच!

पुढे सेलची मापं ठरत गेली. डबल-ए, म्हणजे आपला पेन्सिल सेल, १९४७ साली अमेरिकेत प्रमाणित झाला. माप तेव्हापासून तेच, पोटातलं रसायन मात्र बदलत गेलं. अल्कलाइन १.५ व्होल्ट, रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड १.२. आणि त्याच मापाचा '१४५००' हा लिथियम-आयन पूर्ण चार्ज असताना तब्बल ४.२! प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस तोच, टाइप चेकिंग शून्य.

हल्लीच्या काही बोटभर टॉर्च हे तिन्ही पचवतात. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. आतलं सर्किट कमी व्होल्टेज चढवतं, जास्त असेल तर आवरतं. १४५०० वर उजेड झकास पडतो, वादच नाही. तरी घरात मी निकेलवालाच ठेवीन. अल्कलाइन महिनोन्महिने पडून राहिला की गळतो, आणि १४५०० चुकून कुणी भिंतीवरच्या घड्याळात घातला, तर घड्याळाचं काही खरं नाही.