पॉइंटरला प्रकार कशाला?

पॉइंटर म्हणजे संगणकाच्या स्मृतीतला पत्ता. पत्ता तो पत्ता, मग सी भाषेचा कंपायलर 'पॉइंटरचे प्रकार जुळत नाहीत' म्हणून का अडून बसतो? माझी नात यावर फार वैतागते.

सीची आई 'बी' भाषा. केन थॉम्पसनने बेल लॅब्जमध्ये केलेली. तिच्यात प्रकारच नव्हते, सगळी घरे एका मापाची. पुढे पीडीपी-११ हे यंत्र आले आणि पंचाईत झाली. त्यात अक्षर १ बाइटचे, पूर्णांक २ बाइटांचा, आणि प्रत्येक बाइटला वेगळा पत्ता. 'पुढच्या घरी जा' म्हटले तर किती पावले? ते कळावे म्हणून डेनिस रिचीने १९७१ पासून भाषेत प्रकार आणले. सी जन्मली ती अशी!

तरी पोरे 'कास्ट' घालून कंपायलरचे तोंड बंद करतात. अहो, अक्षराच्या पत्त्यावर पूर्णांक लिहिलात तर आजच्या बहुतेक यंत्रांवर शेजारचे ३ बाइटही पुसले जातात. व्हेरिएबलची घोषणाच दुरुस्त करावी, हे बरे.

जीसीसी कंपायलर वर्षानुवर्षे यावर नुसता इशारा देई. २०२४ मध्ये आलेल्या १४व्या आवृत्तीने ती थेट चूक ठरवली, आणि कितीतरी जुने प्रोग्राम कंपाइल होईनासे झाले.