पंचांगाबाहेरचा वारा

डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीला देवगड बंदरात एकामागोमाग एक अनोळखी नौका शिरू लागल्या. रंग वेगळे, नावांची लिपी वेगळी, खलाशांची भाषा वेगळी. कन्याकुमारीच्या बाजूला ‘ओखी’ चक्रीवादळ उठले होते आणि खोल समुद्रात मासेमारी करणारे केरळ-तामिळनाडूचे मच्छीमार वाऱ्यापुढे उत्तरेला आले होते. एकूण ६८ नौका. त्यांतल्या ६६ केरळच्या, दोन तामिळनाडूच्या, आणि त्यांवर ९५२ माणसे. देवगडच्या डोंगराची सोंड समुद्रात पुढे आलेली असल्याने तिच्या आडोशाला बंदरात पाणी बरेच शांत राहते. तिकडे या माणसांच्या घरी रडारड चालली असताना ती सगळी देवगडात सुखरूप नांगर टाकून बसली होती.

देवगडच्या मच्छीमारांना या पाहुण्यांचे फारसे नवल वाटले नसणार. वादळ म्हटले की परराज्यांतल्या नौका इथे आसऱ्याला येतात, हे ते वर्षानुवर्षे पाहत आले आहेत. विचार करायला लावते ती तारीख. डिसेंबर म्हणजे मार्गशीर्ष, समुद्र उघडा असण्याचा महिना. पंचांगाच्या कुठल्याच पानावर त्या वाऱ्याची नोंद नव्हती.

सिंधुदुर्गच्या १२१ किलोमीटर किनाऱ्यावर वाऱ्याचा हिशेब पूर्वापार तिथींवर चालत आला आहे. पहाटे जमिनीकडून मतलई सुटते. शिडाच्या काळात तिच्यावर होड्या बाहेर पडत. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येई आणि त्याच्यावर त्या परतत. हा रोजचा हिशेब. वर्षाचा हिशेब आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, मिटे आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा उघडे. मे संपता संपता गाबीत मच्छीमारांच्या वाड्यांवर होड्या ओढायचे काम निघे. वाळूत ओंडके आडवे टाकायचे, किनाऱ्यावरून रापण ओढणारी सगळी माणसे दोराला लागायची, होडीचा तोल सांभाळणारी उलांडी सोडवून बाजूला काढायची आणि एका सुरात जोर लावत होडी उधाणाच्या रेषेच्या वर आणायची. लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल चोपडायचे, वर झावळ्यांचे झाप घालून होडी शाकारायची. घरालाही तेच. पश्चिमेच्या भिंतींना आणि पडव्यांना झावळ्यांच्या झडी बांधल्या की नैर्ऋत्येचा वारा कितीही आपटला तरी मातीची भिंत धुपत नसे.

राज्यकर्त्यांनीही हाच हिशेब पाळला. सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया २५ नोव्हेंबर १६६४ रोजी घातला गेला, म्हणजे समुद्र मोकळा होता तेव्हा. कुरटे बेटावर हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तटाचे काम तीन वर्षे चालले, पायाच्या दगडांत शिसे ओतले गेले, आणि पावसाळ्यात अंगावर येणाऱ्या लाटा तटाने साडेतीनशेहून अधिक वर्षे झेलल्या. आजही पावसाळ्यात मालवण धक्क्यावरून किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रवासी होड्या बंद असतात. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. आगोटीपूर्वी जहाजे छावणीला कधी आणि कुठे न्यावीत, दरसाल एकाच बंदरात ती का ठेवू नयेत, हे त्यात सांगितले आहे. आरमाराच्या धोरणात वाऱ्याला शत्रूइतकेच स्थान होते.

वादळाने किनाऱ्याला फेकलेल्या जहाजाचे काय करायचे, याचाही कोकणात रिवाज होता. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर तहाची कलमे घेऊन आला. आमचे फुटलेले जहाज किनाऱ्याला लागले तर ते मालासकट आम्हाला परत मिळावे, हे त्यांतले एक कलम. शिवाजी महाराजांनी त्याला हरकत घेतली. असे जहाज परत करणे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, आणि इंग्रजांना ही सवलत दिली तर फ्रेंच, डच आणि इतर व्यापारीही ती मागतील, असे त्यांचे म्हणणे पडले. वाचलेल्या माणसांना मात्र मदत देण्याची त्यांची तयारी होती. तहाच्या बैठकीत फुटक्या जहाजांवर एवढा खल व्हावा, यावरूनच वारा तेव्हा किती जहाजे किनाऱ्यावर आणून टाकत असेल याची कल्पना येते.

नारळी पौर्णिमेला मालवणात किल्ल्यावरचा मानाचा नारळ समुद्राला अर्पण होतो. शिवकाळापासून चालत आलेला म्हणून हा मान इथे जपला जातो. मग शहरातली माणसे नारळ सोडतात, धक्क्यावर नारळ लढवण्याच्या पैजा लागतात आणि समुद्र उघडला असे सगळे मानतात. हा नुसता भाबडेपणा नव्हता. जून ते ऑगस्टचा नैर्ऋत्य वारा जोरदार असला तरी त्याची दिशा आणि त्याचे दिवस ठरलेले असतात. कायद्यानेही पुढे तेच मान्य केले. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली पावसाळी बंदी आली, आणि अलीकडच्या वर्षांत ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते.

पण अरबी समुद्रातली चक्रीवादळे ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, सहसा येत नाहीत. तेव्हा जमिनीलगतचे वारे पश्चिमेकडून वाहतात आणि उंचावर पूर्वेकडून जोरदार वारे असतात. या ओढाताणीत वादळाचा उभा खांब टिकत नाही, मोडून पडतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ही ओढाताण सैल होते, समुद्रही तापलेला असतो, आणि तेव्हा वादळे उठतात. मे आणि जूनचा आरंभ, तसेच ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे आगोट लागण्याच्या जरा आधी आणि नारळी पौर्णिमेनंतर बऱ्याच दिवसांनी. जूनमधले बंदीचे दिवस सोडले तर दोन्ही वेळा माणसे समुद्रात असतात.

११ नोव्हेंबर १९२७. तुळशीची लग्ने नुकतीच उरकली होती. कोकणच्या बोटींचा हंगाम भरात होता. त्या दिवशी ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन आगबोटी वादळात सापडून बुडाल्या. त्या काळी मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरे घेत मालवण-वेंगुर्ल्याला यायची. मालवणला पाण्याखाली खडक पेरलेले. बोट बाहेरच उभी राही आणि उतारूंना पडावात उतरून किनारा गाठावा लागे. पेटी डोक्यावर, मूल काखेत, आणि खाली हेलकावणारा पडाव. घाट उतरून येणाऱ्या रस्त्यांपेक्षा ही वाट सोयीची म्हणून चाकरमान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती धरली. पावसाळ्यात बोटी बंद असत, म्हणून उरलेल्या महिन्यांतल्या समुद्रावर लोकांचा भरवसा होता. तो भरवसा कार्तिकातच फसला. त्याच्या ३९ वर्षे आधी, नोव्हेंबर १८८८ मध्ये, कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली होती. तोही कार्तिकच.

पावसाळ्यात हिशेब मोडला तर काय होते, ते १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोटीने दाखवले. आषाढी अमावास्येला ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ वाऱ्या-लाटांत कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकण या बुडण्याला विसरलेले नाही. ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ची आठवण त्यामानाने फार लवकर पुसली गेली, आणि इथेच आपली चूक झाली असे म्हटले पाहिजे. आषाढातल्या वाऱ्याची भीती सगळ्यांनाच होती. १९२७ ने शिकवायचा होता तो कार्तिकाचा धडा.

असा ऋतू चुकलेला वारा फक्त आपल्याकडेच घात करतो असे नाही. ‘वैतरणा’ बुडाली त्याच वर्षी, ११ ते १४ मार्च १८८८ या दिवसांत अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर हिमवादळ आले. हिवाळा सरला, असे मानून लोक वसंताच्या तयारीला लागले होते. आदल्या दिवसांत हवा उबदार होती. मग पावसाचे बर्फ झाले, वाऱ्याने त्याचे घरांच्या दारांपर्यंत ढीग रचले, रेल्वेगाड्या वाटेतच रुतल्या. चारशेहून अधिक माणसे मेली. त्यांत सुमारे शंभर खलाशी होते आणि किनाऱ्यालगत सुमारे दोनशे जहाजे बुडाली किंवा फुटली. बर्फाचा भार आणि वाऱ्याचा ताण एकत्र आल्याने न्यूयॉर्कमधले तारांचे खांब रस्त्यावर आडवे झाले. त्यानंतर त्या शहराने तारायंत्राच्या, टेलिफोनच्या आणि विजेच्या तारा जमिनीखाली घालण्याचे काम नेटाने पुरे केले.

मालवणात बर्फ कोणी पाहिला नाही, पण खांब आडवे झालेले मात्र पाहिले. मे २०२१ मध्ये अक्षय्य तृतीया होऊन दोनच दिवस झाले होते. १६ मे रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोवा-सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले. वादळाचा केंद्रबिंदू समुद्रातच होता, तरी त्याच्या कडेच्या वाऱ्याने माड मुळांसकट उपटले, ते विजेच्या तारांवर पडले, तारांनी खांब ओढले. कौले उडाली, पत्रे उडाले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात टिकणारे छप्पर १०० च्या वाऱ्यात टिकेल असे गृहीत धरता येत नाही. देवगडचा उरलासुरला हापूस झाडाखाली पडला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, घरात रुग्ण असताना, किनाऱ्यावरच्या गावांनी दिवसच्या दिवस अंधारात काढले. आणि ज्या देवगडने २०१७ मध्ये ९५२ माणसांना आसरा दिला होता, त्याच देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगर तुटून नौका बुडाल्या आणि खलाशांचे जीव गेले. आसऱ्याचे बंदरही वाऱ्याची दिशा पाहूनच आसरा देते.

त्याआधी ‘फयान’ येऊन गेले होते. तारीख ११ नोव्हेंबर २००९, १९२७ चीच तारीख. महिना पुन्हा कार्तिक, पक्षही वद्यच. कन्याकुमारीकडून वर सरकलेले हे वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आले. वाटेत कोकणच्या अनेक नौका त्यात सापडल्या आणि कित्येक खलाशी परतलेच नाहीत. इशारा दिला गेला होता, पण खोल समुद्रातल्या नौकेपर्यंत तो पोचवायचा कसा, हा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता.

बंदरावर बावटा लावायची पद्धत जुनी आहे. १८६४ च्या कलकत्त्याच्या भीषण वादळानंतर तिथल्या बंदरात इशाऱ्यांची सोय झाली आणि १८९८ मध्ये देशभरच्या बंदरांसाठी एकसारखी खुणांची पद्धत आली. दिवसा काठीवर शंकू आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा, रात्री तांबडे-पांढरे दिवे. ‘बंदरात तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य मालवण-वेंगुर्ल्यात आजही बातमीत येते आणि त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पण बावटा किनाऱ्यावरून दिसतो; चाळीस मैलांवर जाळे टाकून बसलेल्या तांडेलाला तो दिसत नाही. ओखीनंतर, ऑक्टोबर २०१९ मध्ये, उपग्रहावरून संदेश घेणारे ‘जेमिनी’ उपकरण आले. त्यावर इशारा ऐकता येई, उत्तर देता येत नसे. दुतर्फा बोलणाऱ्या उपकरणांची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला सुरू झाली.

त्याच ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला असताना, मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाला त्याचे अनावरण झाले होते आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो पडला. सुरुवातीला ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याकडे बोट दाखवले गेले. चौकशीत गंज, सदोष वेल्डिंग आणि सांगाड्याचा कमकुवतपणा पुढे आला. तेवढा वारा या किनाऱ्यावर पावसाळ्यात नेहमीचाच असतो. समोरच्या किल्ल्याच्या तटावरूनही तो त्या दिवशी वाहिला.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि त्याचे मुख्यालय समुद्रापासून आत, ओरोसला उभे राहिले. सिंधुदुर्गनगरी म्हणतात ती हीच. हवामान खात्याचा इशारा आता जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियंत्रण कक्षात येतो आणि तिथून देवगड, मालवण, वेंगुर्ले या तीन किनारी तालुक्यांकडे जातो. पावसाळ्यापूर्वीच्या बैठका वेळेवर होतात, धोक्याच्या फांद्या तोडल्या जातात. तशीच तयारी दिवाळीपूर्वीही व्हायला हवी. आजवरच्या वादळांच्या तारखा तेच सांगतात. भूमिगत वीजवाहिन्यांचे काम कोकण किनाऱ्यावर सुरू झाले आहे. ते देवबागेसारख्या, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी असलेल्या चिंचोळ्या गावांपर्यंत लवकर पोचले पाहिजे.

आणखी एक काम सरकारवर सोडण्यासारखे नाही. किनाऱ्यावरच्या वाड्यांमध्ये फयानमध्ये बाहेर असलेले तांडेल आहेत. आधीच्या वादळांच्या हकिकती आजोबांकडून ऐकलेली माणसेही आहेत. कुठल्या दिवशी वारा कुठून फिरला, कुठली खाडी आसऱ्याला मिळाली, कोणाची होडी परतली नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी किंवा शेजारी अशी माणसे असतील त्यांनी ते तारीखवार लिहून काढावे आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. येत्या कार्तिकाच्या आत हे काम हाती घ्यावे.