कोडें कीं कौल?

मालवण तालुक्यांतील मसुरे गांवच्या आंगणेवाडींत भराडीदेवीची जत्रा भरते. तिचा दिवस पंचांगावरून ठरत नाहीं. तो देवीचा कौल घेऊन ठरतो. कौल लावणारा मनुष्य आपल्या बुद्धीची प्रौढी मिरवीत नाहीं. उत्तर देणें देवीच्या हातीं आहे, हें त्यानें आधींच मान्य केलेलें असतें. कोडें सोडविणाराची भूमिका याच्या अगदीं उलट असते. उत्तर कोड्यांतच दडलेलें आहे आणि विचारानें तें सांपडलेंच पाहिजे, हा त्याचा विश्वास. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे काय होतें, याचा धडा शब्दकोड्यांच्या इतिहासांत मिळतो.

शब्दकोडें वयानें लहान आहे. २१ डिसेंबर १९१३ रोजीं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रांत आर्थर विन यानें तें प्रथम छापलें. १९२४ सालीं अशा कोड्यांचें पुस्तक निघाल्यावर त्याचें वेडच पसरलें. मराठींत येतांना मात्र त्यानें आपलें रूप पालटलें. इंग्रजी कोड्यांत एका घरांत एक वर्ण बसतो. आपल्या कोड्यांत काना, मात्रा, वेलांटीसह सबंध अक्षर बसतें. ‘मसुरे’ हा शब्द तीन घरांत आडवा मांडला, तर मधल्या घरांतून ‘सुपारी’ उभी उतरूं शकते. ‘सरिता’ उतरूं शकत नाहीं, कारण तेथें ‘स’ नव्हे, ‘सु’ हवा. आडव्या शब्दाची साक्ष उभा शब्द देतो. आपलें उत्तर बरोबर कीं चूक, हें सोडविणारास दुसऱ्या कोणास न विचारतां कळतें, तें या साक्षीमुळेंच.

बक्षिसांच्या कोड्यांनीं हीच साक्ष काढून टाकली. कल्पना करा, सूचना अशी आहे : ‘हें पदरीं असेल तर चार लोक विचारतात.’ दुसऱ्या घरांत ‘न’ आहे आणि पहिल्या घरांतून उभा शब्द जात नाहीं. ‘धन’ लिहावें कीं ‘ज्ञान’? दोन्ही शब्द चपखल बसतात. चालकांनीं आधीं ठरवून ठेवलेल्या उत्तराशीं जुळेल तेंच खरें! प्रवेशफी भरणारास वाटे कीं आपण बुद्धि लढवीत आहों. वस्तुतः तो दुसऱ्याच्या मनांतला शब्द ताडीत असे. एकच शब्द चुकला असें समजून पुढल्या खेपेस पुन्हां पैसे भरण्याचा मोह त्यास होई, तो या समजुतीमुळेंच.

मुंबई सरकारनें १९४८ सालीं लॉटरी व बक्षिसस्पर्धांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. परप्रांतीं छापलेल्या पत्रांतील स्पर्धाहि १९५२ च्या दुरुस्तीनें त्याच्या कक्षेंत आणल्या. बंगलोरास छापलें जाणारें आणि मुंबई राज्यांत पुष्कळ खपणारें ‘स्पोर्टिंग स्टार’ हें पत्र अशा स्पर्धा चालवी. त्याचे चालक चमारबागवाला यांनीं न्यायालयांत दाद मागितली. पुढें १९५५ च्या केंद्रीय कायद्यानें महिन्याच्या बक्षिसांस १,००० रुपयांची आणि प्रवेशिकांस २,००० ची मर्यादा घातली. ९ एप्रिल १९५७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, जुगार हा संविधानानें रक्षण करावा असा व्यापारच नव्हे. जेथें यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे, त्या स्पर्धेस मात्र हे निर्बंध लागू नाहींत. सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांनीं निकालपत्रांत ऋग्वेदांतील जुगाऱ्याच्या विलापाचीहि आठवण दिली आहे.

कित्येकांस हा निवाडा करमणुकीच्या मुळावर आला असें वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यानें कोड्यास त्याची अब्रू परत दिली. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांत शब्दकोडें आजहि येतें. घरांतलीं वडील माणसें व मुलें तें मिळून सोडवितात, आणि अडलेला शब्द सुटला कीं ‘हेंच तें’ असें एकदम सर्वांच्या तोंडून निघतें. ज्याच्या उत्तराला अशी ग्वाही आंतूनच मिळते, तें कोडें. ती न मिळतां दुसऱ्याच्या निकालाकडे डोळे लावून बसावें लागतें, तो कौल. आणि कौलच लावावयाचा, तर तो देवीपुढें लावावा, छापखान्यापुढें नव्हे.